पाणी, पानी नव्हे

८ जानेवारी १९७९, सोमवार
...सडा टाकून झाला होता, चुलीवर पाणी तापत होतं आणि हे परड्यात खिळ्याला आरसा अडकवून दाढी करत होते. मी साखरेच्या पुडीचा कागद उलगडून मोठ्यानं वाचत होते. एका शब्दाला अडखळले तसे हे साबण लावलेल्या तोंडानं म्हणाले, वाच गं, थांबू नको, फर्स्ट क्लास! पलटणीतली सवय. साधीच सकाळ होती. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, दाढीचं पाणी अजून तापवलं जातं. मग त्यात भांडी घासते.

असो. गुरुवारपासून सरकारचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग, बायकांचा, दुपारी, आमच्याच सोप्यात. शिकवणार मी. शाळा पाहिली नाही, पण पुड्यांचे कागद वाचून आणि सांगली आकाशवाणी ऐकून माझी भाषा लय, म्हणजे फार, शुद्ध झाली आहे. संकल्प: उन्हाळ्यापर्यंत गावातली एकही बाई ‘हाय’ आणि ‘न्हाई’ म्हणणार नाही.

११ जानेवारी
वर्ग भरला. पाटलांच्या विजयमालाबाई आल्या. धोंडुबाई आली. बौद्धवस्तीतून लीलाबाई आणि तिच्या जावा आल्या. मी बौद्धवस्तीच म्हणते, जुनं नाव तोंडात आणत नाही. माझ्या वर्गात जातपात नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. लीलाबाई उंबऱ्याशी बसली. तिथं वारा चांगला येतो.

पाण्याचा माठ कोपऱ्यात ठेवला आहे. बाकीच्या आपलं आपण घेतात. लीलाबाईला उठायला नको म्हणून मीच तांब्यानं वरून तिच्या ओंजळीत ओतते. एवढा मान मी विजयमालाबाईंनासुद्धा देत नाही.

१९ जानेवारी
प्रगती. ‘हाय’ म्हटलं की मी थांबवते आणि ‘आहे’ म्हणायला लावते. धोंडुबाई म्हणाली, आवं बाई, आयशीनं शिकवल्यालं बोलायचं न्हाई, तर मुकं बसू का? मी म्हटलं, बस. बसली. आता वर्गात फार शांतता असते. शिस्त लागली.

लीलाबाई सगळ्यांत पुढं आहे. जोडाक्षरं वाचते. कशासाठी शिकतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, पोराच्या शाळेत अंगठा लावायचा न्हाई मला आता. मी म्हटलं, ‘नाही’ म्हण.

३० जानेवारी
आज ‘पाणी’ हा धडा. लीलाबाईनं अक्षरं बरोबर ओळखली आणि वाचलं ‘पानी’. मी म्हटलं, ण, नाकातून. पुन्हा ‘पानी’. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. शेवटी पुस्तक मिटून म्हणाली, बाई, पानी तर तुमी वरनंच वततासा. शब्द तरी आमच्या हातानं घिऊ द्या.

धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसली. विजयमालाबाई माठाकडं बघत राहिल्या. मला काही अर्थ लागला नाही. घसा कोरडा पडला असेल म्हणून तांब्या घेऊन गेले. तिनं ओंजळ पुढं केली नाही.

२ फेब्रुवारी
लीलाबाई नाही. जावाही नाहीत. ज्वारीची सुगी आहे, त्यामुळं असेल. उंबऱ्याशी आता कुणीच नसतं, वारा थेट आत येतो.

९ फेब्रुवारी
साताऱ्याहून सुपरवायझर आले. ह्यातल्या कुणाला वाचता येतं, म्हणाले. विजयमालाबाईंनी ‘क’ दाखवला आणि दमल्या. धोंडुबाईला विचारलं तर ती माझ्याकडं बोट करून गप्प. मी म्हटलं, साहेब, शिस्त आहे. ते म्हणाले, बाई, शिस्त पोलीस खात्यात असते, इथं वाचणारी बाई दाखवा. महिनाअखेरीपर्यंत दाखवली नाही तर वर्ग बंद.

हे असते तर मी सगळं सांगितलं असतं. म्हणजे चूक दुसऱ्यांचीच आहे, पण सांगितलं असतं.

१२ फेब्रुवारी
ठरलं. उद्या स्वतः बौद्धवस्तीत जाऊन लीलाबाईला घेऊन येणार. आमच्या आळीतली कुठली बाई जाईल? मी जाईन. ती रडेलसुद्धा कदाचित.

१६ फेब्रुवारी
लिहायचं राहिलं होतं.

मंगळवारी गेले. लीलाबाईनं अंगण झाडून घेतलं, गोधडी अंथरली, बसा म्हणाली. आत गेली आणि तांब्या भरून आणला. घासून लख्ख केलेला. माझ्या तोंडून निघालं, नको, माझा सोमवार आहे.

लीलाबाई म्हणाली, आवं, आज मंगळवार हाय. आन् सोमवारला बी पानी चालतंय की.

घरातनं तिची सासू रंगूबाई म्हणाली, आगं, बाईच्या वंजळीत वरनं वत. तसं चालंल.

कुणी हसलं नाही. लीलाबाई तांब्या धरून उभी होती. हात पुढं करावा असं फार वाटलं. हात मांडीवरच राहिला. मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि सुगीचं काहीतरी बोलली, तेही मला ओशाळं वाटू नये म्हणून. वर्गाचं मी काढलं नाही, तिनंही काढलं नाही. वाटेत तोंडाला कोरड पडली होती.

दुसऱ्या दिवशी फळा पुसला आणि ग्रामपंचायतीत नेऊन दिला. शिपायानं विचारलं, का वो, वर्ग बंद? मी म्हणाले, न्हाई जमलं.