स्वच्छ आलेले गणवेश

चि. धाकटीस,

दादाचे भरभरून आशीर्वाद. मी धडधाकट आहे. तुझी कंबर कशी आहे?

तिकडेही गोळीबार सुरू झाला, पण शांतिसेना येणार म्हणून तुम्ही घर सोडत नाही, असं तू लिहितेस. मला आपली शाळा आठवली. धावून येणाऱ्या वीरांची कविता मी म्हणायचो आणि तू पाटीवर ठेका धरायचीस. इथल्या शांतिसेनेच्या छावणीत धोब्याचं काम लागलं, तेव्हा मी तीच गुणगुणत गणवेशांना इस्त्री करायचो.

समोरचा बेकरीवाला सामान बांधून निघाला होता. मीच त्याला अडवलं, "अहो, दारात फौज असताना पळता कशाला?"

तो हसला. "काका, तुमच्या भरवशावर राहतो हं!"

परवा भरदुपारी हल्लेखोर आले. त्याची बायको छावणीच्या फाटकावर मुलांसकट टाहो फोडत होती. साहेब आतून म्हणाले, "आम्हाला मध्ये पडायचा हुकूम नाही." फाटक उघडलं नाही. त्या घरातलं कुणी उरलं नाही.

संध्याकाळी गणवेश धुवायला आले. एकावरही साधा चिखल नव्हता.

यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही. पण मध्ये पडायचं नसेल तर येता कशाला? यांच्याकडे बघून माणसं थांबतात गं.

पत्र मिळताच नातवंडांना घेऊन मावशीकडे नीघ. वाटेत त्यांनी कविता मागितली तर दुसरी कुठलीही म्हण. ती नको.

तुझा,
दादा