अर्ध्या टोपीचा ध

८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. कारण वाचलंस की रागावणार नाहीस.

परवा टिटवीच्या मुख्याध्यापकबाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. पोरगी चौथीत आली तरी वाचत नाही, म्हणाल्या. आम्ही चाटच पडलो. घरी रोज धडा कसा घडाघडा म्हणून दाखवते! बाईंनी आमच्यासमोर तिला वाचायला बसवलं आणि मधेच दोन पानं एकदम उलटली. तरी ही आपली आधीचाच धडा पुढे म्हणत राहिली. दादा, तिला सगळं पुस्तक पाठ आहे. इतके दिवस तिने आमच्या डोळ्यांत धूळ फेकली आणि आम्ही कौतुक करत बसलो.

मार्चअखेर बाई स्वतः, तिने कधी न पाहिलेलं पुस्तक तिच्यापुढे ठेवणार. नाही वाचलं तर या शाळेतून नाव काढायचं आणि तिला लांबच्या निवासी शाळेत घालायचं. अशा मुलांची शाळा, म्हणाल्या. ते ‘अशा’ माझ्या कानातून जात नाही. हे म्हणतात, निव्वळ आळस आहे, जरा डोळे वटारले की वाचेल. हॉस्पिटलात मी पेशंटच्या नातेवाइकांना धीर देते. इथे मलाच कोणीतरी द्यायला हवाय.

लोभ असू दे, आणि उत्तर लवकर असू दे.

तुझी,
धाकटी


१५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

धूळ फेकली असं पुन्हा लिहू नकोस. बुडणारं माणूस हाताला लागेल ते धरतं. तिने पाठांतर धरलं. आळशी पोर अख्खं पुस्तक पाठ करेल होय? माझ्या शिकवणीच्या खोलीत रोज अशीच मुलं येतात. अक्षराचा आकार आणि त्याचा आवाज यांची गाठ त्यांच्या डोक्यात सहज बसत नाही. डोकं मात्र शाबूत असतं, चांगलं चलाख असतं. म्हणून तर ती मोठ्यांना गुंडाळतात.

तिच्यापुढे घ आणि ध ठेवून बघ. मग भ आणि म. गोंधळली तर जाड कागदावर डिंकाने वाळू चिकटवून मोठी अक्षरं कर. बोट फिरवताना आवाज तिने मोठ्याने म्हणायचा. घ च्या डोक्यावर रेघेची पूर्ण टोपी, ध च्या डोक्यावर अर्धी, असं मी मुलांना सांगतो. धड्यातली चित्रं झाकून ठेव. चित्र बघून ती शब्द ठोकून देत असणार. थोडाच वेळ बसा. रडू आलं की आवरतं घ्या. आणि पाठ करायला काहीही देऊ नका.

मार्चपर्यंत जमेल का, हे मला माहीत नाही. तुला खोटा धीर देणार नाही.

तब्येतीला जप, नाहीतर येऊन कान धरीन.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टिटवीने ‘मगर’ वाचलं! चित्र झाकलेलं होतं. दुपारी आमचं असं चालतं आणि संध्याकाळी सगळ्यावर बोळा फिरतो. ह्यांनी दुकानातून गोष्टींची पुस्तकं आणलीत. यातलंच काहीतरी येईल, सगळी पाठ कर, म्हणून तिला समोर बसवतात. ती ध ला घ म्हणाली की यांचा आवाज चढतो. मी मधे पडले तर म्हणाले, तुझ्या भावाचे वाळूचे खेळ पुरेत. आता पोरगी कॉलर चावत बसते. जिला गप्प बस म्हणून दमायचो, ती विचारल्याशिवाय बोलत नाही.

काल वाचनाच्या तासाला ती शाळेच्या बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावून बसली. शाळा सुटली तरी दार उघडेना. मला ड्यूटीवर फोन आला. मी पोचेपर्यंत हे हत्यारांची पिशवी घेऊन आले होते. हाकांना ओ देईना, तेव्हा ह्यांनी बिजागऱ्या काढून दारच उतरवलं. पोर कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलेली. बाबांना बघून तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं, दादा. कधी बोट लावलं नाही रे ह्यांनी तिला. हे स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसेच उभे. आणि आज पुन्हा ती पुस्तकं टेबलावर आहेत.

माझं ऐकत नाहीत. तू लिही.

तुझी,
धाकटी


२६ फेब्रुवारी

श्री. मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

आगाऊपणा वाटला तर बायकोच्या भावाचा हक्क समजून सोडून द्या. तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली तर आतल्या माणसांवर ओरडता का? उलट सांगत असाल की घाबरू नका, मी इथेच आहे. टिटवी मधेच अडकली आहे. तिने वर यावं म्हणून तुम्ही जिवाचा आटापिटा करताय, हे मला इथून दिसतं. तिला मात्र फक्त आवाज ऐकू येतो.

ती पुस्तकं बंद करा. पाठ केलेलं नव्या पुस्तकापुढे दगा देईल, आणि तो दगा तिच्या जिवाला लागेल. परीक्षेला तिच्याबरोबर तुम्हीच जा. ती कितीही अडली तरी सुचवू नका. नुसतं तिथे असा.

राग आला असेल तर मी तिकडे आल्यावर भांडू. लोभ आहे, म्हणून लिहिलं.

आपला,
दादा


३० मार्च

ती. दादांस,
नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. हिने सांगितलं, जे झालं ते तुम्हीच लिहा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी खूप राग आला. पुस्तकं मात्र कपाटात टाकली. नंतर एकदा वाळूच्या अक्षरांवर मीच बोट फिरवत बसलो होतो, तर टिटवी येऊन म्हणाली की बाबा, तुम्ही उलटीकडून सुरुवात करताय.

काल बाईंच्या खोलीत मी दाराशी उभा राहिलो. बाईंनी नवंकोरं पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीलाच फार वेळ लागला. एकेक अक्षर बोटाखाली धरून ती सरकत होती. मग एका ठिकाणी वाचलं, तो बाजारातून धरी आला. बाई म्हणाल्या, चूक, परत बघ. तिने बोट मागे नेलं आणि पुन्हा धरीच म्हणाली. मी ओठ दाताखाली धरले. अजून तेच, सगळं संपलं, असं वाटलं. बाईंनी पेन उचललं. तेव्हा पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली, बाई, याला अर्धीच टोपी आहे, हा ध च आहे.

बाईंनी चष्मा लावून पुस्तक जवळ ओढलं. मीही पुढे गेलो. दादा, तिथे ध च छापला होता. छापणाऱ्याची चूक. बाईंनी तो सरळ घरी वाचला होता, आणि मी न बघताच तेच गृहीत धरलं होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ही अंदाजाने बोलत असती तर घरीच म्हणाली असती. ही वाचतेय.

पाचवीत ती जाणार नाही. वेग फार कमी आहे, चौथी पुन्हा करावी लागेल. पण याच शाळेत, आणि बाई स्वतः तिला वेगळं बसवून शिकवणार आहेत. मला वाईट वाटलं नाही म्हणणार नाही. वाटलं. पण नाव काढलं नाही.

आज तिला कामावर नेलं होतं. लिफ्टमधली सूचना ती वाचायला लागली. माणसं खोळंबली, कुरकुर सुरू झाली. तिची शेवटची ओळ होईपर्यंत मी दार धरून ठेवलं.

कळावे, माया असावी.

आपला,
टिटवीचा बाबा


ता. २. ४.

टिटवी,

मी मामा. हे तुला एकटीला लिहिले आहे. आईला वाचायला देऊ नकोस. बाबा जवळ बसले तर बसू दे.

हळू वाच. अडलीस तर थांब. मागे जा, परत ये. मला घाई नाही.

मे महिना आला की इकडे ये. इथली मुले तुझी वाट बघत आहेत. ती पण अडतात. तो ध तुला कसा दिसला ते मुलांना तूच सांग. मी सांगून उपयोग नाही.

वर सगळे सुटे लिहिले, जोडलेले एकही नाही; खाली एकच अवघड, जोडलेले ठेवले आहे. ते कोणी सांगायचे नाही.

शाब्बास.

तुझा मामा