मडमीचा डबा

८ जानेवारी १८८७

आई जज्जसाहेबाच्या बंगल्यावरच्या लिलावाला खुर्ची आणायला गेली होती. खुर्ची आली नाही. डबा आला!

काळा, चकचकीत, झाकणात आरसा, आत गुलाबी रेशीम. पांढऱ्या पावडरीची मोठी डबी, चेहऱ्याला फासायच्या अंगाच्या रंगाच्या कांड्या, गालांची लाली, आणि पापण्यांवर लावायचे तीन रंग— निळा, करडा आणि एक शेवाळासारखा. जज्जाची मडम साहेबलोकांच्या नाटकांत कामं करायची, त्याचं सामान. आता ती विलायतेला चालली. कार्मेल मावशी तिची आया, म्हणून डबा बोलीवर चढायच्या आधीच आईच्या पदराखाली गेला. अर्ध्या किमतीत! संध्याकाळपासून हे दोन शब्द मी इतके वेळा ऐकले आहेत की झोपेतही ऐकू येतील.

बाबांनी एवढंच विचारलं, "मग बसायचं कशावर?"

९ जानेवारी, रविवार

डबा कशासाठी ते आज कळलं. माझ्यासाठी.

देवळात पाद्रीबाबांची रविवारची मिसा झाल्यावर कल्याणहून निरोप आला. इनासच्या आईने, रेजिनाबाईने, मुलगी पाहायची म्हटलं आहे. आई देवळाच्या पायरीवरच माझं तोंड न्याहाळू लागली, बाजारात वांगं उलटसुलट करून बघतात तसं. "दोन ठिकाणी रंगावरून नाही म्हटलं गो बाय. आता तिसऱ्यांदा नाय ऐकायचं मना."

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला हा माणूस हवा आहे. इनास कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. सणाला ठाण्यात आला होता तेव्हा देवळाची घंटा अडकली, ती त्याने वर चढून सोडवली. खाली उतरल्यावर माझ्याशी बोलत उभा राहिला. मी शिकवते त्या शाळेबद्दल विचारलं, आणि उत्तर पुरतं होईपर्यंत ऐकलं. असं ऐकणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

म्हणजे त्याने मला पाहिलं आहे! भर उन्हात, आहे त्या रंगात! आईला म्हटलं तर म्हणते, "त्याने पायलं. त्याच्या आयने कुठं पायलं?"



११ जानेवारी

पहिला प्रयोग. मावशीने लावून दिलं. आधी कांडी, मग पावडर, मग फुंकर, मग पुन्हा पावडर. मडमीचा रंग दुधाचा, माझा काजूच्या बोंडाच्या बीसारखा. कांडी तिच्या अंगाच्या रंगाची, चेहरा माझा. आरशात एक मेलेली बाई दिसली. तोंड पांढरं, कान काळे, मान काळी.

"थोडी सवय झाली की बसतं," मावशी म्हणाली. कुणाला सवय झाली की? मला की बघणाऱ्याला?

१२ जानेवारी

शाळेत घाईत गेले. केसांच्या कडेला राहिलं होतं. शकू म्हणाली, "बाई, तुम्ही पिठात पडलात?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण घरी येऊन डब्याला लाथ मारावीशी वाटली.

१५ जानेवारी

आता पापण्या. निळा लावला तर कुणी ठोसा मारल्यासारखं दिसतं. शेवाळी लावला तर डोळे आल्यासारखं. करडा त्यातल्या त्यात बरा, पण तो पंधरा मिनिटांत वितळून पापणीच्या घडीत जाऊन बसतो. विलायतेत घाम येत नसेल. आमच्याकडे जानेवारीतही चुलीपुढे येतो.

आईला म्हटलं, काजळ आहे ना घरात. ती म्हणाली, "काजळ सगळेच लावतात."

मग बाबांनी तोंड घातलं. मडमीला तरी या डब्याने जज्ज मिळाला का, असं विचारलं. मावशी रागावून न जेवता गेली. जाताना मात्र उद्या येते म्हणून सांगून गेली.

१८ जानेवारी

आईला युक्ती सुचली! पावडर फार पांढरी पडते ना, मग तिच्यात हळद मिसळायची. नको नको म्हणेपर्यंत मिसळलीसुद्धा. दाराशी बायजा बोंबील घेऊन आली. वर्षानुवर्षं आम्हाला मासळी देणारी बाई! मला पाहून टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "पोरीला कावील झाली काय गो? मोहने गावाला एक बाई औषद देते. नेऊन आना."

आईने दार लावून घेतलं. बोंबील घ्यायचे राहिले. डाळ खाल्ली.

१९ जानेवारी

पुन्हा निरोप. रेजिनाबाईचे गुडघे धरले आहेत. ती अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर महिनाभर राहायला गेली आहे. ठाण्याला येणं जमणार नाही. मुलीलाच तिकडे आणा.

बाबा गंभीर झाले. वज्रेश्वरीच्या देवीच्या शेजारी जाऊन सोयरीक करायची, पाद्रीबाबा काय म्हणतील? आई म्हणाली, "पानी काय हिंदू असतं?" राखेचा बुधवार तोंडावर आला. त्यानंतर उपासाचे चाळीस दिवस, त्यांत लग्न नाही. आणि तोवर रेजिनाबाईला दुसरी कुणी गोरी पोर दाखवली तर? आईचा सगळा जीव या एका गोष्टीत अडकला आहे. खोटं का बोलू, माझाही.

२३ जानेवारी, रविवार

मावशी दोन दिवसांपासून मला चालायला शिकवते आहे. हसायचं नाही, पावडर तडकते. बोलायचं कमी. रुमालाने पुसायचं नाही, टिपायचं. हे सगळं मडम करायची म्हणे. अशी जन्मभर न हसता बसली असेल तर नाटकात कशाला काम करत होती कोण जाणे.

आज मात्र एक कबूल करायला हवं. खिडकीपाशी, थोडी कांडी, पावडरीचा नुसता हात, पापणीवर करड्याची एक रेघ. आणि क्षणभर आरशात एक अशी बाई दिसली की मी पुन्हा बघितलं. सुंदर होती. माझी कुणी नव्हती, पण सुंदर होती. मला तिचा रागच आला.

२५ जानेवारी, भिवंडी

कल्याणपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. डबा आईच्या मांडीवर, मावशी तिच्या शेजारी, मी मागे भाताच्या पेंढ्यावर! खड्डा आला की आई आधी डब्याला धरते. भिवंडीत बाबांच्या ओळखीच्या घरी मुक्काम. उद्या पहाटे मला रंगवून पुढे न्यायचं आहे.

आईने झोपण्यापूर्वी माझ्यासाठी रोझरीची माळ जपली. मग हळूच म्हणाली, "तू काली म्हनून मी नाय करत गो. तुला परत कुनी काय बोलू नये म्हनून करते." आता अशा बाईवर रागावायचं तरी कसं? तरीही रागावले आहे.

२६ जानेवारी, अकलोली

हसू येतं, मग रडू, मग पुन्हा हसू.

पहाटेचं माझं तोंड मावशीच्या हातून इतकं नीट बसलं होतं की बाबासुद्धा काही बोलले नाहीत. उन्हं वर आली तशी अकलोलीला पोहोचलो. सडक्या अंड्यांसारखा वास! रेजिनाबाई लुगडं वर खोचून कुंडाच्या पायरीवर, कमरेपर्यंत पाण्यात बसलेली. दणकट बाई. उठलीच नाही. म्हणाली, "ये गो बाय. हितं बस. जरा माझे गुडघे चोळ, बघू हातात जोर हाय का."

मी कुंडाच्या काठावर गुडघे टेकले, वाकले. वाफ थेट तोंडावर. वीस जणींचा जोर आणून चोळत राहिले. मावशीने शिकवल्याप्रमाणे हसले नाही, कमी बोलले. रेजिनाबाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, रूप पसंत पडलं.

तिचे डोळे मोठे होत गेले. "अगो... ही काली पडत चालली! बघा, बघा! कोनाची दिष्ट लागली हिला?"

मागे आईने किंकाळी फोडली. मी पाण्यात वाकून बघितलं. माझं तोंड राखाडी झालं होतं, आणि बघता बघता तव्याच्या बुडासारखं काळं होत होतं! मी कधी नव्हते इतकी काळी. माझे हात त्याच्यापुढे गोरे वाटत होते!

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "मडम बोललेली गो! गंधकाच्या जवल न्यायचं नाय, पावडर काली पडते म्हनून! माज्या ध्यानातच नाय राह्यलं!"

ध्यानात नाही राहिलं! इतके दिवस हसू नको, पुसू नको, शिंकू नको, सगळं ध्यानात. आणि आम्ही चाललो आहोत गंधकाच्या कुंडावर, ते नेमकं गेलं! माझा बांध फुटला. मी तिथेच कुंडातलं गरम पाणी ओंजळींनी तोंडावर मारून घेतलं, पदराने खसाखसा पुसलं, पुन्हा मारलं. डोळ्यांत गेलं, झोंबलं.

"कशाला थापलं हे?" रेजिनाबाईने विचारलं.

"तुमच्यासाठी!" मी ओरडले. खरंच ओरडले. होणाऱ्या सासूवर! "तुम्हाला गोरी सून हवी म्हणून!"

"कोन बोललं तुला?"

कुणी बोललंच नव्हतं. मी आईकडे बघितलं. आईने जमिनीकडे.

रेजिनाबाईने आईकडे एकदा बघितलं. मग हात पुढे केला. "मना उठव आता. गोऱ्या सुनेनं काय मी पायरी चढनार हाय?" मी दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले आणि तिला वर काढलं. हलकी नव्हती! पायरीवर उभी राहिल्यावर ती माझ्या खांद्यावर भार टाकून तशीच उभी राहिली आणि हसायला लागली. पोट धरून. मग मावशी, मग बाबा. आई शेवटी.

एवढ्यात इनास कारखान्यातून रजा काढून, शिदोरी घेऊन आला. माझ्या तोंडावर काळे ओघळ, डोळे लाल, पदराचं पोतेरं. त्याने खिशातला रुमाल काढून दिला. "कपाळावर राहिलंय अजून," म्हणाला. हसला नाही. रुमाल दिल्यावर मात्र तोंड फिरवून हसला, मला दिसलं.

सोयरीक ठरली.

२८ जानेवारी

घरी. डबा आईने माळ्यावर टाकला. अर्ध्या किमतीचं पूर्ण शहाणपण आलं, असं बाबा म्हणाले. आई चिडली नाही. चहात साखर जास्त घातली सगळ्यांच्या.

३० जानेवारी, रविवार

पहिली पुकार. आमच्यात लग्नाआधी ओळीने तीन रविवार देवळात नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल तर त्याने तिसऱ्या रविवारपर्यंत पाद्रीबाबांना सांगायची. "कॉस्मास यांची कन्या सेलेस्टीन" ऐकताना कान गरम झाले. बायजा हिंदू असून देवळाच्या दारात उभी होती. "कावील बरी झाली ती!" म्हणाली.

लग्न राखेच्या बुधवाराच्या आधीच्या सोमवारी.

२ फेब्रुवारी

इनासचा निरोप. कल्याणला खोली मिळाली आहे, खिडकी शाळेच्या बाजूला उघडते. तिथे शिकवणार का, असं विचारलं आहे. मला विचारलं आहे! बाबांना नव्हे!

६ फेब्रुवारी, रविवार

दुसरी पुकार.

जेवताना बाबा म्हणाले, "अजून पावडर लावतेस? हनुवटीवर पांढरं राहिलंय." मी घासलं. गेलं नाही. पुन्हा घासलं. आता तिथली कातडी दुखते आहे, आणि या घरात माझ्या तोंडाकडे बघणं कधी थांबणार आहे कोण जाणे!

१२ फेब्रुवारी, शनिवार

तोंडाला काही लावून पंधरवडा उलटला. तो डाग पावडरीचा नाही. आज अंगणात उन्हात आरसा धरून पाहिला. मोठा झाला आहे, शेजारी दुसरा उठला आहे. आईने बोट लावून बघितलं आणि खाली बसली. कोड आहे.

ती रडली. मग माळ्यावरून डबा काढला, म्हणाली, "लग्नापुरतं तरी झाक गो बाय. उद्याची पुकार होऊन जाऊ दे."

मी पाण्याने तोंड धुतलं. दुपारच्या गाडीने कल्याणला चालले आहे, इनासला दाखवायला.