मऊ टायर अन् पंधरा टक्के

बुधवार, संध्याकाळ. अकोला.

डोकं नुसतं तापलं आहे. आमच्या गॅरेजातलं डायनो मशीन मागच्या चाकावरची ताकद मोजते, इंजिनची नाही. मधात चेन, गिअर, टायर थोडी थोडी खातात. किती खातात, ते दरेक गाडीचं वेगळं. पण आमचा दादा डोळे मिटून पंधरा टक्के जोडते अन् म्हणते, ही इंजिनची पावर!

भातकुलीच्या वांगेवाल्या काकांच्या गाडीचा आकडा कमी आला. दादा म्हणे, "इंजिन बसलं." खोलून पिस्टनच्या रिंगा बदलल्या. आज गाडी पुन्हा डायनोच्या रोलरवर चढवली, तर आकडा तोच! मी मागचा टायर दाबून पाहिला. अंगठा आत गेला. शेतातल्या ओल्या काळ्या मातीत चाक घसरू नये म्हणून काकांनी हवा कमी केली होती. तिकडं सारेच करतात. एवढं आमाले सुचू नये? टायर ताकद खाऊन राहिला होता, अन् आमी इंजिन फाडलं! हवा भरली, आकडा चढला.

मी तोंड उघडणार, तर दादा काकांले म्हणे, "पाहा, रिंगांनं कसा फरक पडला!"

काकांनी हात जोडले. पिशवीभर वांगे दिले. मले म्हणे, "माणूस थापा मारते बाबू, मशीन नाई मारत."

अंगठा आत गेला तेव्हा दादा बाजूलेच उभा होता. त्यानं पाहिलं होतं. पाहिलं होतं!

आता त्याच वांग्यांची भाजी खाऊन राहिला. वरतून मले विचारते, "तू काहून जेवत नाई?"