मुलाविरुद्ध साक्ष दिलेल्या आईची निरवानिरव

मी, मंदाकिनी अरुण देशकर, वय त्र्याहत्तर, मूळची अकोल्याची, यजमानांच्या विमा कंपनीतल्या बदलीमुळे जयपूरला आले आणि विद्याधर नगरातच राहिले. हे मी माझ्या मनाने लिहीत आहे, कोणी लिहवून घेत नाही. मला झोप लागत नाही, पण बुद्धी शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. हे तिसरे.

कलम १. विद्याधर नगरातले घर यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते वरच्या खोलीसकट माझा एकुलता एक मुलगा रणजित याला मिळावे. दुसऱ्या मृत्युपत्रात वरची खोली मी अनुश्री इंगळे हिला दिली होती. ती का दिली आणि का काढली, हे लिहिल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही.

अनुश्री अमरावतीची. रणजित विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा प्राध्यापक होता. ती त्याच्या हाताखाली पीएच.डी. करायला आली आणि आमच्याच वरच्या खोलीत राहिली. जयपूरजवळच्या बगरू गावातल्या कापडछपाईचे रंगीत पाणी विहिरींत कुठवर झिरपते, हा तिचा विषय. एकटी मुलगी कुठे फिरेल म्हणून मी तिच्याबरोबर बसने जात असे. ती पाणी काढी, मी बाटल्या धरी. तिने प्रबंध लिहिला, तेव्हा रणजितने काम कच्चे आहे म्हणून परत केला. तिने पुन्हा लिहिला, त्याने पुन्हा परत केला. शेवटी ती सामान बांधून अमरावतीला गेली आणि शिकवणी वर्गात शिकवू लागली.

पुढच्या वर्षी रणजितचे पुस्तक आले. पहिली प्रत त्याने पाया पडून माझ्या हातात दिली. चाळताना एका पानावर विहिरीच्या काठाचा फोटो दिसला. त्यात बाटली धरलेला हात होता आणि मनगटात माझ्या पाटल्या. रणजित आमच्याबरोबर बगरूला एकदाही आला नव्हता. अनुश्रीचे नाव कुठेच नव्हते, आभारातही नाही. मी विचारले तर म्हणाला, ती सोडून गेली, काम वाया गेले असते. मग तिचे नाव घाल, असे मी म्हटले. तो भरल्या ताटावरून उठला.

अनुश्रीने तक्रार केली. चौकशी समितीने मला शहरातल्याच झालाना भागातल्या कार्यालयात बोलावले. आदल्या दिवशी माझे दीर, बापू भावजी, बजावून गेले, की वयामुळे आठवत नाही म्हणा, कोणी दोष देणार नाही. समितीच्या अध्यक्षांनी ते पान माझ्यापुढे धरले.

"माताजी, ये हाथ किसका है?"

"मेरा," मी म्हणाले. रणजित समोर बसला होता.

मला घरी आणायलाही तोच होता. दुसरे कोण आणणार? वाटेत तो एवढेच म्हणाला, "आई, सीटबेल्ट लाव." महिन्याभरात तो सूनबाईंना आणि माझ्या नातीला, तनयाला, घेऊन शहरातल्याच मानसरोवर वसाहतीत भाड्याने राहायला गेला. माझ्याशी अजून बोललेला नाही.

त्याची नोकरी गेली. पुस्तक मागे घेतले गेले. त्याच्या हाताखाली पदवी घेतलेल्या मुलांचे प्रबंधही आता तपासायला काढले आहेत. त्यातल्या एकाची आई मला भाजीच्या गाडीपाशी गाठून रडली. रणजितने कुठेही अर्ज केला, की नाव टाकताच संगणकावर सगळे वर येते. सध्या तो कंपन्यांचे अहवाल लिहून देतो आणि खाली सही दुसऱ्याची असते, असे ऐकते.

अनुश्रीला विद्यापीठाने पुन्हा नोंदणी देऊ केली. तिने घेतली नाही. खोलीचे सांगायला मी फोन केला, तर म्हणाली, "काकू, खोली घेतली तर लोक म्हणतील, मिटलं. माझं काही मिटलेलं नाही." म्हणून खोली परत घरात.

घर रणजितला देते यात माफी नाही आणि पश्चात्तापही नाही. तो माझा मुलगा आहे.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि पाटल्या नात तनया हिला. पाटल्या मोडल्या तरी माझी हरकत नाही. तिने विचारले होते, "आजी, मतलब बाबांनी खरंच केलं?" मी हो म्हणाले. ती तरीही रविवारी येते, माझ्याजवळ बसते, आणि घरी विचारले तर मैत्रिणीकडे गेले होते म्हणून सांगते. हे खोटे तिला बोलावे लागते, याचा मला त्रास होतो.

कलम ३. यजमानांचे मनगटी घड्याळ बापू भावजींना द्यावे. ते त्यांच्या भावाचे आहे. शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. मला सत्यवादी वगैरे कोणीच म्हणू नये. खरे बोलले की शांत झोप लागते, असे सांगणाऱ्यांनी माझ्या घरी चार दिवस राहून पाहावे.

कलम ४. माझ्या मृत्यूची बातमी अनुश्रीला कळवावी. येण्याचा आग्रह करू नये. ती आलीच, तर दार रणजितने स्वतः उघडावे. सूनबाईंना पुढे करू नये, तनयाला तर नाहीच. काय बोलायचे ते त्याने ठरवावे. बोलणे जमले नाही तर नुसते आत घ्यावे आणि पाणी द्यावे. अशी अट कोर्टात टिकत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. मी म्हटले, तरी राहू द्या.

वर लिहिलेले मी स्वतः पुन्हा वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

मंदाकिनी अरुण देशकर

साक्षीदार:
१. शेषराव गावंडे, शेजारी, निवृत्त बँक अधिकारी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी यांनीच करावी.
२. डॉ. रमा कोठेकर

जयपूर, ९ ऑक्टोबर २०२४