वाचलेला उंदीर

संघदीप दादा,

कपाशीवर फवारताना तुले जे विष चढलं आन् ज्यानं तू गेला, त्याच्याच उताऱ्यावर मी एम.फार्म.चं संशोधन करून राह्यली. सरांनी विचारलं, "हाच विषय काहून?" मी म्हटलं, "आमच्या दारव्ह्याकडे फवारणी लय असते." तुझं नाव घेतलं नाही.

विष दिलेला उंदीर तुझ्यासारखाच थरथरते. मी तोंड फिरवत नाही. आज पहिल्यांदा एक उंदीर माझ्या औषधानं वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो उठून पाणी पिऊ लागला, आन् मले दवाखान्यातल्या खाटेवरून तुझा आवाज आला, "मैत्रेयी, पाणी दे." मी खरंच ग्लास भरला. मग कोणाले देऊ, ते समजलं नाही.

तुझीच,
मैत्रेयी