आईच्या खोलीचं दार

चिमे,

आईला घरी आणायला हॉस्पिटलात जातोय. दुपारी येऊ. तोवर शेजारच्या सुतारकाकांना हाक मारून तिच्या खोलीचं दार काढून घे, नाहीतर स्ट्रेचर आत जायचं नाही.

खोलीभर फरशीवर लाकडी पट्ट्या बसवल्या, सगळ्या मापून, एका पातळीत. कुणी लुडबुड करू नये म्हणून दार लावून बसलो होतो. शेवटची पट्टी ठोकल्यावर आठवलं, हे दार आत उघडतं. म्हणजे उघडायचं. मी खिडकीतून बाहेर आलो. काकांनाही तिथूनच आत पाठव. हसतील, हसू दे.

पलंग खिडकीपाशी लाव. पट्ट्यांवर फळ्या तेवढ्याच भागात ठोकून झाल्यात.

डॉक्टर काल काय म्हणाले, ते फोनवर सांगवलं नाही. आता औषध नाही, घरी न्या, फार तर पंधरा दिवस. आईला यातलं काही ठाऊक नाही. तिला वाटतंय, पायाखालची गार फरशी गेली की ती चालायला लागेल. तसं मीच तिला म्हटलं होतं. तिनं विचारलं तर सांग, जमीन अजून पुरी व्हायची आहे.

उरलेल्या फळ्या मी सावकाश ठोकणार आहे.

बाबा